दाहाशी निगडित जनुकीय भेद आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एका संशोधन-परंपरेची समीक्षा

सारांश

दीर्घकाळ टिकणारा दाह कर्करोगाला पोषक ठरतो, या विचारातून दाहाचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांतील भेद आणि पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग यांचा संबंध शोधणारे अनेक अभ्यास २००० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या अभ्यासांच्या पद्धतीची, निष्कर्षांची आणि पुढे झालेल्या पुनर्तपासणीची चिकित्सा केली आहे. मूळ विचार निराधार नसला तरी त्याच्या सिद्धतेसाठी वापरलेले साधन अपुरे होते, आणि भारतीय अभ्यासांत तीच उणीव अधिक ठळकपणे उतरली, असे प्रतिपादन येथे केले आहे. सिकलसेलमुळे 'जनुक' या शब्दाशी परिचित असलेल्या भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळे महत्त्व कसे प्राप्त होते, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : दाह, जनुकीय भेद, पुरःस्थ ग्रंथी, कर्करोग, सिकलसेल, भंडारा जिल्हा.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यात जनुकाची ओळख पाठ्यपुस्तकातून होण्याआधी अनेक घरांत ती सिकलसेलच्या तपासणीतून होते. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भाचा पूर्व भाग हा या आजाराचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे आजारग्रस्त, ही भाषा आज लाखांदूर किंवा साकोलीच्या खेड्यांतही समजते. सोयरीक जुळवताना कार्ड पाहावे, असा सल्ला आरोग्य कर्मचारी देतात. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यावर ही जाणीव अधिक पसरली.

या परिचयाचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. सिकलसेलमध्ये जनुकातील एकच बदल आजार ठरवतो. त्यामुळे 'अमुक जनुकामुळे कर्करोगाचा धोका वाढतो' असे वाक्य वाचनात आले की त्याचाही अर्थ तसाच लावला जातो. प्रत्यक्षात हे दोन 'धोके' एकमेकांपासून फार दूर आहेत. हे अंतर नेमके किती, हे पाहण्यासाठी पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि दाहाशी निगडित जनुके यांविषयीचे संशोधन हे बोलके उदाहरण आहे.

२. दाहाची कल्पना : उगम आणि आधार

कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या रक्तपेशी आढळतात, हे रुडॉल्फ विरशॉ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये नोंदविले आणि दीर्घकालीन दाह हे कर्करोगाचे उगमस्थान असावे असे सुचविले. पुढे या विचाराला भक्कम आधार मिळाला. हेपॅटायटिस बी विषाणूमुळे यकृताचा आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झाले. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने इंटरल्युकिन-१ या दाहकारक प्रथिनाच्या जनुकातील भेद जठराच्या कर्करोगाशी जोडून दाखविले. दाह, जनुक आणि कर्करोग यांची साखळी येथे प्रथमच सुस्पष्टपणे पुढे आली.

पुरःस्थ ग्रंथीच्या बाबतीतही असे घडत असावे, असे मानण्यास कारण होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ॲन्जेलो डी मार्झो आणि सहकाऱ्यांनी या ग्रंथीतील दाहग्रस्त, आक्रसलेल्या पण वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींच्या भागांचे वर्णन केले आणि ते कर्करोगाचे पूर्वरूप असू शकतात असे सुचविले. वयस्कर पुरुषांच्या ग्रंथीत दाह वारंवार आढळतो. मात्र जठरातील जिवाणूसारखा एखादा निश्चित कारक येथे सापडलेला नव्हता. साखळीची पहिली कडी रिकामी असतानाच दुसऱ्या कडीचा, म्हणजे जनुकांचा, शोध सुरू झाला. पुढील अडचणींचे मूळ काही अंशी येथेच आहे.

३. निवडक जनुकांचे दशक

हा शोध 'निवडक जनुक' पद्धतीने झाला. दाहात भाग घेणारे एखादे जनुक अभ्यासकाने आधीच निवडायचे आणि त्यातील भेद रुग्णांत व निरोगी पुरुषांत किती प्रमाणात आढळतात, याची तुलना करायची, अशी ही रीत होती.

२००४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील अभ्यास या परंपरेतील उत्तम नमुना म्हणता येईल. त्यात १३८३ रुग्ण आणि ७८० निरोगी पुरुष होते. जिवाणूंचे आवरण ओळखून दाह सुरू करणाऱ्या टीएलआर-४ या जनुकातील एक भेद सुमारे २४ टक्के रुग्णांत, तर सुमारे २० टक्के निरोगी पुरुषांत आढळला. त्यावरून हा भेद असणाऱ्यांना २६ टक्के अधिक धोका असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. त्याच देशातील नमुन्यांवरून एमआयसी-१ या जनुकाविषयी २००४ मध्ये आणि टीएलआर-६, १ व १० या शेजारी-शेजारी असलेल्या जनुकांविषयी २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

'२६ टक्के अधिक धोका' हे शब्द वाचताच मनावर जो परिणाम होतो, तो मूळ आकड्यांसमोर ठेवून पाहिला पाहिजे. शंभर रुग्णांपैकी ७६ जणांत हा भेद नव्हता, आणि शंभर निरोगी पुरुषांपैकी २० जणांत तो होता. म्हणजे या भेदावरून कोण आजारी आणि कोण निरोगी, हे सांगता येत नाही. दोन गटांतील अंतर शंभरात चार माणसांचे आहे. एवढे लहान अंतर नमुना निवडण्यातील किरकोळ फरकानेही निर्माण होऊ शकते किंवा नाहीसे होऊ शकते.

पुढे तसेच घडले. अमेरिकेतील आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन अभ्यासगटात २००५ मध्ये टीएलआर-४ मधील काही भेद उलट कमी धोक्याशी संबंधित आढळले. २०१० मध्ये तीन स्वतंत्र अभ्यासांची माहिती आणि आधीच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात टीएलआर-४ आणि टीएलआर-६-१-१० या दोन्हींच्या संबंधाला पुष्टी मिळाली नाही. सहा वर्षांत एकाच जनुकाविषयी 'धोका वाढवणारे', 'धोका कमी करणारे' आणि 'संबंध नसलेले' अशी तीन विधाने झाली.

यामागील कारण संख्याशास्त्रीय आहे. पाच टक्के ही चुकीची मर्यादा मानली, तर काहीही संबंध नसलेल्या वीस भेदांची तपासणी केल्यावर सरासरीने एक भेद केवळ योगायोगाने 'महत्त्वाचा' ठरतो. त्या एकावर लेख लिहिला जातो आणि उरलेले एकोणीस वहीत राहतात. २००५ मध्ये जॉन इओआनिडिस यांनी प्रसिद्ध झालेले बहुतेक संशोधन-निष्कर्ष चुकीचे का असतात, याची जी मीमांसा केली, तिला निवडक जनुकांच्या अभ्यासाइतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल.

४. आरएनएज-एल आणि विषाणूचा भ्रम

या परंपरेतील सर्वांत उद्बोधक प्रकरण आरएनएज-एल या जनुकाचे आहे. पेशीत शिरलेल्या विषाणूंचा नाश करण्याचे काम हे जनुक करते. २००२ मध्ये, आनुवंशिक पुरःस्थ कर्करोग असलेल्या काही कुटुंबांत या जनुकात बिघाड आढळल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी एका अभ्यासाने या जनुकातील एका सामान्य भेदाचा तब्बल १३ टक्क्यांपर्यंत रुग्णांशी संबंध असल्याचे म्हटले. विषाणूशी लढणारे जनुक दुबळे, म्हणून ग्रंथीत विषाणू टिकतो, म्हणून दाह आणि म्हणून कर्करोग, अशी आकर्षक मांडणी तयार झाली. रिकामी राहिलेली पहिली कडी जणू भरून निघाली.

२००६ मध्ये तो विषाणूही 'सापडला'. याच जनुकाचे दुबळे रूप असलेल्या रुग्णांच्या गाठींत एक्सएमआरव्ही नावाचा नवा विषाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढील पाच वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. २०११ मध्ये मात्र असे उघड झाले की हा विषाणू रुग्णांच्या शरीरात नव्हताच. १९९० च्या दशकात कर्करोगाच्या पेशी उंदरांत वाढविल्या जात असताना उंदरांतील दोन विषाणूंच्या तुकड्यांच्या संयोगातून तो प्रयोगशाळेत जन्मला होता आणि दूषित नमुन्यांतून इतरत्र पोहोचला होता. २०१२ मध्ये मूळ लेख मागे घेण्यात आला. दरम्यान स्वीडनमधील २००४ च्या मोठ्या अभ्यासानेही या जनुकाला महत्त्वाची भूमिका असल्याचे मान्य केले नव्हते.

येथे कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. धडा वेगळा आहे. मांडणी जितकी सुसंगत आणि देखणी, तितका तिच्यावरचा विश्वास पुराव्याच्या पुढे धावतो. दाह, विषाणू आणि जनुक यांची कथा इतकी सुबक होती की प्रत्येक नवा निष्कर्ष तिच्यात आपोआप बसत गेला.

५. संपूर्ण जनुकसंचाचे वाचन काय सांगते ?

२००६-०७ पासून पद्धत बदलली. आधी जनुक निवडण्याऐवजी संपूर्ण जनुकसंचातील लाखो ठिकाणे एकाच वेळी तपासायची आणि संबंध मान्य करण्यासाठी अत्यंत कठोर निकष लावायचे, अशी नवी रीत आली. आठव्या गुणसूत्रावरील ८क्यू२४ हा भाग प्रथम पुढे आला. दाहाच्या विचारातून तो कोणी निवडला नसता. त्यानंतर एमएसएमबी, एचएनएफ१बी, केएलके३ यांच्या परिसरातील भेद आढळले. २०२१ मध्ये दोन लाख चौतीस हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवरून २६९ आणि २०२३ मध्ये सुमारे साडेनऊ लाख पुरुषांच्या माहितीवरून ४५१ भेदांची यादी प्रसिद्ध झाली. ज्या जनुकांवर २००० नंतरच्या दशकात सर्वाधिक लिहिले गेले, त्यांना या शोधात अग्रस्थान मिळाले नाही.

म्हणून दाहाचा विचार मोडीत निघाला, असे म्हणणे घाईचे होईल. जनुकीय भेदाचा संबंध न सापडणे आणि ग्रंथीतील दाहाची भूमिका नसणे, या भिन्न गोष्टी आहेत. प्रत्यक्ष ऊतींवरील पुरावाही एकमुखी नाही. अमेरिकेतील एका मोठ्या प्रतिबंधक चाचणीत औषध न घेतलेल्या गटाचे नमुने २०१४ मध्ये तपासले असता ८६ टक्के कर्करुग्णांत आणि ७८ टक्के इतरांत दाह आढळला. येथे बायोप्सी पीएसए कितीही असली तरी केलेली होती, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका विश्लेषणात, पीएसए वाढलेली पण पहिली बायोप्सी निर्दोष असलेल्या पुरुषांपैकी ज्यांना दाह होता, त्यांना पुढे कर्करोग कमी प्रमाणात आढळला.

हा विरोध वरवरचा आहे. दाहामुळेही रक्तातील पीएसए वाढते. वाढलेल्या पीएसएमुळे बायोप्सी होते. अशा रीतीने निवडलेल्या गटात काहींची पीएसए दाहामुळे, तर काहींची दडलेल्या कर्करोगामुळे वाढलेली असते, आणि त्या गटापुरता दाह हा जणू निर्दोषत्वाचा दाखला ठरतो. तपासणीची वाट कोणती होती, हे लक्षात न घेता निष्कर्ष वाचला तर तो उलटा वाचला जाण्याची शक्यता असते.

६. भारतीय अभ्यासांची बाजू

भारतात लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतून उत्तर भारतीय रुग्णांतील दाहाशी निगडित जनुकांचे सातत्यपूर्ण काम झाले. अपुऱ्या साधनांत केलेल्या या कामाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु काही शे रुग्णांवर आधारलेल्या अशा अभ्यासांकडून अपेक्षा तरी किती ठेवावी ? स्वीडनमध्ये दोन हजारांहून अधिक पुरुष घेऊनही जो संबंध टिकला नाही, तो याहून लहान गटातून निश्चित होणे कठीण होते.

भारतीय संदर्भात आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. आपल्याकडे विवाह शतकानुशतके जातीच्या आणि पोटजातीच्या मर्यादेत होत आले. त्यामुळे जवळजवळ राहणाऱ्या समाजांतही एकाच जनुकीय भेदाचे प्रमाण निराळे असू शकते. भंडारा जिल्ह्याचेच उदाहरण घेतले तर पोवार, कुणबी, तेली, कोष्टी, हलबा, गोंड, बौद्ध असे अनेक समाज एका तालुक्यात नांदतात. समजा, रुग्णांच्या गटात तुमसर-मोहाडीकडील एका समाजाचे लोक अधिक आले आणि निरोगी गटात पवनी-लाखांदूरकडील दुसऱ्या समाजाचे, तर गटांत दिसणारा फरक आजाराचा नसून समाजांच्या वंशेतिहासाचा असेल. शंभरात चारचे अंतर निर्माण करण्यास एवढे पुरेसे आहे. 'उत्तर भारतीय' किंवा 'महाराष्ट्रीय' अशी ढोबळ पाटी लावून ही अडचण दूर होत नाही.

मोठे काम भारतात होऊच शकत नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने पित्ताशयाच्या कर्करोगावर संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यात १०४२ रुग्ण आणि १७०९ निरोगी व्यक्ती होत्या, आणि दुसऱ्या टप्प्यात वेगळ्या गटावर निष्कर्षाची पडताळणी केली गेली. पित्ताशयाचा कर्करोग हादेखील खडे आणि दीर्घकालीन दाहाशी जोडला जातो. तरीही पुढे आलेली एबीसीबी१ आणि एबीसीबी४ ही जनुके पेशीपटलातून पदार्थांची ने-आण करणारी असून त्यांपैकी दुसऱ्याचा पित्तरसाशी थेट संबंध आहे. दाहाच्या यादीत ती शोधली असती तर हाती लागली नसती. २०२५ च्या जानेवारीत 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समाजगटांतील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली केली. कोणत्या समाजात कोणता भेद किती आढळतो, हे जाणून अभ्यासाची आखणी करणे त्यामुळे शक्य झाले आहे.

७. भंडाऱ्याच्या संदर्भात

जनुकांच्या आधी एक साधा प्रश्न उरतो. या जिल्ह्यात पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग किती जणांना होतो ? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, बार्शी, तेव्हाचे औरंगाबाद आणि उस्मानाबाद-बीड येथील नोंदवह्यांचा समावेश आहे. सुमारे बारा लाख लोकसंख्येचा (जनगणना २०११) भंडारा जिल्हा त्यांत नाही. बार्शीच्या ग्रामीण नोंदवहीत या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या तुलनेत बरेच कमी दिसते. हा फरक जनुकांचा मानावा, आहाराचा मानावा, की जिथे पीएसए आणि बायोप्सी सहज होत नाही तिथे आजार नोंदविलाच जात नाही असे मानावे ? परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय पुरुषांत हे प्रमाण भारतापेक्षा अधिक आढळते. जनुके तीच असताना प्रमाण बदलते, याचा अर्थ राहणीमान आणि तपासणी यांचा वाटा मोठा आहे.

खेड्यातील साठी ओलांडलेला शेतकरी लघवीला वारंवार उठावे लागते, धार मंद झाली, याला वयाचा त्रास समजतो. धानाच्या रोवणीत कंबर दुखते, म्हणून हाडांत पोहोचलेल्या आजाराची कंबरदुखीही कष्टाची मानली जाते. लाजेपोटी ही गोष्ट घरातही बोलली जात नाही. अशा माणसाला टीएलआर-४ चा भेद आहे की नाही, या माहितीने काहीही साधत नाही. वेळेवर तपासणी झाल्याने पुष्कळ साधते.

सिकलसेलशी तुलना येथे पूर्ण होते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या माहितीवरून निर्णय घेता येतो. पुरःस्थ कर्करोगात एकेका सामान्य भेदाचा परिणाम अत्यल्प आहे. शेकडो भेदांची बेरीज करून काढलेला गुणांक काही पाश्चात्त्य गटांत उपयुक्त ठरू लागला असला, तरी घातक आणि मंद कर्करोग यांत तो फारसा भेद करू शकत नाही, आणि तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या पुरुषांवर बेतलेला आहे. अपवाद आहेत. बीआरसीए-२ सारख्या जनुकातील दुर्मीळ बिघाड धोका खरोखरच लक्षणीय वाढवतो. ज्या घरात वडील, भाऊ किंवा काका यांना तरुण वयात हा आजार झाला, अथवा स्त्रियांत स्तन व बीजांडकोशाचा कर्करोग आढळला, तेथे तज्ज्ञाचा सल्ला घेणे योग्य आहे. परंतु कौटुंबिक इतिहास विचारण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

८. निष्कर्ष

दाहाशी निगडित जनुकीय भेदांच्या संशोधनाने एक योग्य प्रश्न अपुऱ्या साधनांनी विचारला. नमुने लहान होते, निवड आधीच ठरलेली होती, अनुकूल निष्कर्षच अधिक छापले गेले आणि सुबक मांडणीने पुराव्याची जागा घेतली. विज्ञानाने पुढे स्वतःची चूक सुधारली, ही समाधानाची बाब आहे. मात्र सुधारणा मूळ निष्कर्षाइतकी दूरवर पोहोचत नाही. जुन्या लेखांतील 'धोका' हा शब्द प्रबंधांतून, व्याख्यानांतून आणि जनुकीय चाचण्यांच्या जाहिरातींतून अजूनही फिरत राहतो.

महाविद्यालयीन अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यावर येथे एक जबाबदारी येते. पन्नास-साठ नमुन्यांवर आणखी एक जनुक तपासून प्रबंधात एका तक्त्याची भर घालणे सोपे आहे. त्याऐवजी जिल्ह्यातील रुग्णांची विश्वसनीय नोंद, त्यांच्या वयाची, व्यवसायाची, कौटुंबिक इतिहासाची आणि निदानास लागलेल्या विलंबाची माहिती जमविणे हे कमी आकर्षक, पण अधिक उपयोगी काम आहे. सिकलसेलच्या बाबतीत विदर्भात आधी रुग्ण शोधले गेले आणि नंतर धोरण आले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबाबतही हाच क्रम असावा. आधी माणसे मोजावीत, मग त्यांची जनुके वाचावीत.